बँकॉकचे मॉल आणि थिएटर: स्टेशन धरून कसं फिरायचं

बँकॉकला निघालेल्या ओळखीतल्या कुणाचीही यादी बघा, त्यात सात-आठ मॉलची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात, पण कुठला मॉल कुठे आहे, कुठल्या स्टेशनला उतरायचं, ते काहीच नसतं. मग सकाळी शहराच्या एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, मधला सगळा वेळ टॅक्सी सिग्नलला उभी, पोरं किरकिर करतायत, आईबाबांचे पाय भरून आलेत आणि संध्याकाळी हॉटेलवर सगळे एकमेकांवर चिडलेले. हे टाळता येतं. मॉलची यादी करू नका, स्टेशनांची करा. एका दिवशी एकच पट्टा धरायचा, सकाळी खरेदी, भर उन्हाच्या दुपारी थंडगार थिएटरात एक सिनेमा, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर.

आधी ट्रेन डोक्यात बसवून घ्या कारण बाकी सगळं तिच्यावरच आहे. बीटीएस ही खांबांवरून जाणारी ट्रेन, डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली, तिच्या सुखुमवित आणि सिलोम अशा दोन मुख्य लाइन आणि दोन्ही सियाम स्टेशनला भेटतात. एमआरटी वेगळी, तिची ब्लू लाइन २००४ पासून चालू आहे, शहराच्या मधल्या भागात ती जमिनीखालून जाते आणि तिचं तिकीटही वेगळं, बीटीएसचं तिकीट तिकडे चालत नाही. दोन्ही साधारण मध्यरात्रीपर्यंत असतात. मोठ्या मॉलना स्टेशनातूनच पूल जोडलेला असतो, गेटबाहेर आलात की थेट मॉलच्या वरच्या मजल्यावर, रस्त्यावर उतरायची गरजच नाही. सियाम ते चित लोम तर रुळांच्या खालून सलग स्कायवॉक आहे, ऊन नाही, पाऊस नाही, खाली गाड्या तुंबलेल्या आणि तुम्ही वरून आरामात चालताय. आपल्याकडचे बरेच स्कायवॉक ओस पडलेले बघून वाईट वाटतं, तिकडे ऑफिसवाले, युनिफॉर्ममधली कॉलेजची मुलं, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे त्यावरूनच जातात कारण तो खरंच जिथे जायचंय तिथे नेऊन सोडतो. फक्त एक बघा, स्टेशनच्या प्रत्येक एक्झिटला लिफ्ट नसते, सोबत ज्येष्ठ असतील तर आधी नकाशावर लिफ्टवाला एक्झिट शोधा आणि मगच चालायला लागा. आणि सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, आजूबाजूचे सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

आता पहिला पट्टा, चित लोम. घरच्यांसाठी कपडे घ्यायचे असतील तर प्लॅटिनम फॅशन मॉल, प्रतुनाममध्ये. हिंदमाता आणि फॅशन स्ट्रीट एकावर एक रचून वर एसी लावला तर जसं होईल तसं ते आहे, छोटी छोटी शेकडो दुकानं, मजल्यावर मजले. चित लोमला उतरून सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या कडेने जाणाऱ्या स्कायवॉकवरून चालत जाता येतं. बाकीचे मॉल १० ते १० असतात पण हे होलसेलचं असल्यामुळे सकाळी लवकर उघडतं आणि संध्याकाळी लवकर आवरायला लागतं, म्हणून इथे सकाळीच जा, दुपारनंतर गर्दीत काही बघायला मिळत नाही.

प्लॅटिनमचा हिशोब असा असतो की पाटीवर दोन आकडे दिसतात, एक सुट्या पीसचा आणि दुसरा तीन किंवा जास्त घेतले तर प्रत्येकी किती त्याचा. तिन्ही एकाच डिझाइनचे पाहिजेत असं बहुतेक दुकानांत नसतं, रंग-साइज मिक्स चालतं, पण दुकान एकच हवं. त्यामुळे बहिणी-जावा किंवा मैत्रिणी मिळून जा आणि एकत्र बिल करा, फरक चांगला पडतो. घासाघीस फार चालत नाही, पाटीवरच भाव असतो, थोडंफार कमी करायचं असेल तर हसून कॅल्क्युलेटर पुढे करा, दुकानातली मुलगी आकडा टाइप करते, तुम्ही टाइप करा, भाषेचा प्रश्नच नाही. रोख पैसे ठेवा, छोट्या दुकानांत कार्ड घेतीलच असं नाही.

साइजचं मात्र नीट ऐका. ट्रायल रूम जवळजवळ कुठेच नाही, आणि तिकडचं फ्री साइज आपल्या फ्री साइजपेक्षा बरंच लहान असतं. घरून शिवणाची टेप न्या आणि ज्यांच्यासाठी घ्यायचंय त्यांचा अंगाला बरोबर बसणारा एक कपडा न्या. सासूबाईंसाठी टॉप घेताना मी त्यांचा नेहमीचा कुर्ता पिशवीत नेला होता, दुकानातल्या मुलीने तो काउंटरवर सपाट पसरला, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावली, मी हँगरवरचा जो धरला होता तो परत अडकवला आणि खालच्या गठ्ठ्यातून दुसरा काढून त्यावर ठेवून दाखवला. तो अगदी नीट बसला, एक शब्द न बोलता. आणि दुकान आवडलं की त्याच्या कार्डाचा किंवा नंबरच्या पाटीचा फोटो काढा, नंतर येऊन घेऊ म्हणालात तर त्या गल्ल्यांमध्ये तेच दुकान परत सापडणं कठीण आहे.

परत येताना सेंट्रलवर्ल्ड. अवाढव्य मॉल, सगळा बघायचा हट्ट धरू नका, ब्रँडचे भाव आपल्याकडच्यासारखेच आहेत किंवा जास्त. पण त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत गणपती आहे, शेजारी त्रिमूर्ती आहे, तिथे नक्की जा. ऑफिस सुटल्यावर थाई मुलंमुली तिथे येतात, त्रिमूर्तीला लाल गुलाब वाहतात आणि चांगला जोडीदार मिळू दे म्हणून मागतात, गणपतीपुढे फळं, फुलं. चौकात चित लोमच्या बाजूला एरावानचं देऊळ, १९५६ मध्ये बांधलेलं, आत चतुर्मुख ब्रह्मदेव, नवस फेडायला लोक तिथल्या नर्तिकांकडून नाच करवून घेतात. आपल्या देवांपुढे परक्या देशातली माणसं इतक्या मनापासून हात जोडून उभी असलेली बघून आतून बरं वाटतं, माझ्या आईला तर तिथून हलवावं लागलं. मागच्या बाजूला मॉलचा चकाकता काचेचा डोंगर आणि पुढे उदबत्तीचा धूर, हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

दुसरा पट्टा सियाम आणि त्याच्या पुढचं नॅशनल स्टेडियम. सियाम सेंटर १९७३ चं, सियाम डिस्कव्हरी १९९७ चं आणि सियाम पॅरागॉन डिसेंबर २००५ मध्ये उघडलं, तिन्ही एकमेकांना चिकटून. पॅरागॉनच्या तळमजल्याखाली मत्स्यालय आहे, लहान मुलं असतील तर तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा, नाहीतर सरळ पुढे चला. समोरचा सियाम स्क्वेअर मला जास्त आवडतो, चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या जागेवरचा हा सगळा भाग, त्यामुळे कॉलेजच्या पोरांची गर्दी, तिथल्याच नवीन डिझायनरांची छोटी दुकानं. एमबीके १९८५ चं, जुनं आणि अजून कामाचं, नॅशनल स्टेडियम स्टेशनातून थेट आत जाता येतं. मोबाइलची कव्हरं, चार्जर, बॅगा, वाटायला द्यायच्या छोट्या वस्तू इथे घ्या, आणि इथे भाव करा, अगदी निवांत करा, पण ब्रँडचं नाव लावलेलं स्वस्तात मिळतंय म्हणून उड्या मारू नका. एमबीकेच्या समोर बँकॉक आर्ट अँड कल्चर सेंटर आहे, गोल गोल चढत जाणारी इमारत, आत जायला पैसे नाहीत, खरेदीचा कंटाळा आलेल्या नवऱ्यांना आणि मुलांना तासभर तिथे पाठवा.

आणि आता सिनेमा, ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. आपले लोक परदेशात थिएटरात जात नाहीत, म्हणतात सिनेमा काय मुंबईतही बघता येतो. अहो पण दुपारी १ ते ४ बँकॉकमध्ये बाहेर फिरवत नाही, हॉटेलवर परत गेलं की दिवस मोडतो, त्यापेक्षा मॉलच्याच वरच्या मजल्यावर जाऊन बसा, पायांना आराम, आणि त्या शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी काय करतात ते आतून बघायला मिळतं. मेजर सिनेप्लेक्स आणि एसएफ या दोन मोठ्या साखळ्या आहेत. सियाम पॅरागॉन, एमक्वार्टियर आणि आयकॉनसियाममधली थिएटरं मेजरची, सेंट्रलवर्ल्ड, एमबीके आणि टर्मिनल २१ मधली एसएफची. साध्या सीटचं तिकीट साधारण २५० ते ३०० बाथच्या आसपास, एक बाथ म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये धरा. बुधवारी बऱ्याच ठिकाणी तिकीट कमी असतं, काउंटरला विचारा.

तिकीट मशीनवर काढा, इंग्रजीचं बटण असतं. पण शोची वेळ दाबायच्या आधी त्या वेळेच्या शेजारची बारीक अक्षरं वाचा, सगळं तिथेच ठरतं. आधी आवाजाची भाषा असते, मग सबटायटलची. इंग्रजी आवाज आणि थाई सबटायटल असेल तर तुमच्या कामाचा शो, नुसतं थाई असेल तर डबिंग. मुलांचे कार्टून सिनेमे बहुतेक थाई डबिंगमध्येच जास्त असतात, इंग्रजीचा शो दिवसातून एखादाच, म्हणून सकाळीच बघून ठेवा. थाई सिनेमाला मात्र उलट, खाली इंग्रजी सबटायटल आहे का बघा, असलं तर बिनधास्त जा, थाई भुताचे सिनेमे तिकडच्या पब्लिकबरोबर अंधारात बघायला जी मजा येते ती घरी मोबाइलवर नाही, सगळं थिएटर एकदम ओरडतं आणि मग एकदम हसतं. मोठा हिंदी सिनेमाही कधीकधी लागलेला असतो. वयाचं बंधनही असतं, १३, १५, १८ असे आकडे सल्ल्यापुरते, पण २० च्या खालच्यांना बंदी असलेला सिनेमा असेल तर वय तपासतात, पासपोर्ट जवळ ठेवा.

आत गेल्यावर तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलं, तिकिटावरच्या वेळेनंतर जाहिराती आणि ट्रेलर वीस-पंचवीस मिनिटं सहज चालतात, त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला म्हणून धावाधाव करत जिने चढू नका. दुसरं, इंटरव्हल नाही. कुठल्याच सिनेमाला नाही. लहान मुलांना आधी बाथरूमला नेऊन आणा, पॉपकॉर्न आधीच घ्या, वडिलांना शुगर असेल तर त्यांचं खाणं वेळेवर होईल असाच शो निवडा. तिसरं, सिनेमा सुरू व्हायच्या अगदी आधी राजाचं गीत लागतं, पडद्यावर राजाची चित्रं येतात आणि उभं राहायचं असतं. आपल्याकडे जनगणमनला उभं राहायची सवय आहेच, तसंच उभे राहा, शांत, मोबाइल खिशात. हल्ली काही तरुण बसून राहतात, त्यांच्याकडे बघून तुम्ही बसू नका, तो त्यांच्या देशातला त्यांचा विषय आहे, आपण पाहुणे. राजघराण्याचा अपमान तिकडे फौजदारी गुन्हा आहे, कलम ११२, शिक्षा ३ ते १५ वर्षं, म्हणून मॉलमधल्या राजाच्या तसबिरींपुढे चेष्टेचे फोटो किंवा कॉमेंट अजिबात नाही, मुलांनाही आधी सांगून ठेवा. आणि एक शाल किंवा पातळ जॅकेट न्या, एसी खूपच थंड असतो, बाहेर घामाघूम आणि आत दात वाजतायत, आजारी पडायला तेवढं पुरतं.

ज्यांना सिनेमा जरा मनापासून आवडतो त्यांनी हाऊस सामयानला जावं. एमआरटीच्या सामयान स्टेशनातून एक गोल बोगद्यासारखा रस्ता थेट सामयान मित्रटाउन मॉलमध्ये जातो, २०१९ मध्ये उघडलेला मॉल, त्याचा काही भाग २४ तास चालू असतो, मुलं रात्रभर अभ्यास करत बसलेली असतात. वरती हाऊस, तिथे मोठ्या साखळ्या लावत नाहीत असे सिनेमे लागतात, जपानी, कोरियन, युरोपातले, छोटे थाई. बहुतेकांना इंग्रजी सबटायटल असतं पण विचारून घ्या.

याच भागाची एक गोष्ट सांगायलाच हवी. सियाम स्क्वेअरमध्ये तीन जुनी थिएटरं होती, सियाम, लिडो आणि स्काला. सियाम मे २०१० मध्ये राजकीय आंदोलनाच्या शेवटी झालेल्या जाळपोळीत गेलं, त्याच वेळी सेंट्रलवर्ल्डचाही भाग जळाला होता. स्काला १९६९ चं, एकच पडदा, वर चढत जाणारा जिना आणि मध्ये भलंमोठं झुंबर. जुलै २०२० मध्ये शेवटचा शो झाला आणि २०२१ मध्ये ती इमारत पाडलीसुद्धा. लिडो तेवढं २०१९ मध्ये लिडो कनेक्ट म्हणून परत उघडलं, तिथे सिनेमा आणि गाण्यांचे कार्यक्रम होतात. रीगल, लिबर्टी, भारतमातामध्ये ज्यांनी सिनेमे बघितलेत त्यांना हे वाचून काय वाटेल ते मला माहितीये. लिडोत एखादा शो मिळाला तर तिकीट काढाच, अशी थिएटरं कौतुकाने नाही, तिकिटांनी टिकतात.

खाण्याचं. मॉलचं फूडकोर्ट हे बँकॉकमधलं सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ जेवण आहे, त्यात टर्मिनल २१ मधलं पिअर २१ सगळ्यात भारी, बरेच पदार्थ १०० बाथच्या आत. आधी काउंटरला पैसे भरून कार्ड घ्यायचं, प्रत्येक स्टॉलवर ते कार्ड चालतं, उरलेले पैसे निघताना त्याच काउंटरला परत मिळतात, ते घ्यायला विसरू नका. शाकाहारी लोकांची खरी अडचण मटणाची नसते, फिश सॉसची असते, तो भाजीतही घालतात, नुसतं व्हेज म्हटलं की चिकन काढतात आणि सॉस तसाच ठेवतात. म्हणून पिवळ्यावर लाल रंगात लिहिलेली एक खूण शोधा, इंग्रजी १७ आकड्यासारखी दिसते, ती असली की मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही, पण बटाटा-गाजरासारखी कंदमुळं असू शकतात, जैन मंडळींनी विचारून घ्यावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्या नवरात्राच्या मागेपुढे, त्यांचे नऊ दिवसांचे शाकाहाराचे दिवस येतात तेव्हा तर मॉलभर या पिवळ्या पताका असतात. अगदीच वरणभाताची आठवण आली तर प्रतुनाममध्ये भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, वरण नाही पण दाल मिळेल.

टर्मिनल २१ साठी अशोक स्टेशन, २०११ चा मॉल, एकेक मजला एकेका शहराचा, टोकियो, लंडन, इस्तंबूल, फोटोसाठी मुलं खूश होतात, जेवण करून निघा. त्याच्या पुढच्याच फ्रोम फोंग स्टेशनला एम्पोरियम, एमक्वार्टियर आणि २०२३ च्या शेवटी उघडलेलं एमस्फिअर, महागडे आहेत, वेळ कमी असेल तर सोडा.

आयकॉनसियाम मात्र सोडू नका, पण ते संध्याकाळचं आहे, दुपारी जाऊन फुकट घालवू नका. सफान ताक्सिन स्टेशनला उतरून खाली साथोर्नच्या धक्क्यावर यायचं, तिथून मॉलची फुकट बोट सुटते, चाओ फ्राया नदीतून जाते. धक्क्यावर पैसे घेऊन नेणारे बोटवालेही बोलावतात, तुम्ही मॉलच्या नावाची पाटी असलेल्या रांगेत उभे राहा. साडेपाच-सहाला निघालात तर सूर्य मावळताना नदीत असाल. २०१८ मध्ये उघडलेला हा मॉल, तळमजल्यावर सुकसियाम म्हणून थायलंडच्या वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ आणि हातकाम मांडलेलं आहे, आत पाणी खेळवून त्यात होड्यांवर दुकानं. मँगो स्टिकी राइस इथे खा. मग बाहेर नदीकाठच्या कट्ट्यावर आईबाबांना बसवा. येताना बोटीला लांब रांग असेल तर मॉललगतच गोल्ड लाइनचं स्टेशन आहे, ती क्रुंग थोन बुरीला बीटीएसला आणून जोडते.

पैशाचं थोडक्यात. एटीएममधून काढले तर परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २२० बाथच्या आसपास चार्ज लागतो, म्हणून सारखे थोडे थोडे काढू नका. शंभराच्या डॉलरच्या नोटा नेऊन शहरातल्या एक्स्चेंजला बदलल्या तर विमानतळापेक्षा भाव चांगला मिळतो.

व्हॅट रिफंड बरेच जण कटकट म्हणून सोडून देतात, पण मोठी खरेदी असेल तर करा. थायलंडमध्ये व्हॅट ७ टक्के आहे. टुरिस्ट व्हॅट रिफंडची पाटी असलेल्या दुकानात एका दिवसात किमान २,००० बाथची खरेदी झाली पाहिजे, फॉर्म त्याच दिवशी करून घ्यायचा आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट लागतो, फोटो चालेल असं गृहीत धरू नका. पॅरागॉन, सेंट्रलवर्ल्डसारख्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून सवलतीचं कार्डही मिळतं, ते बिल करायच्या आधी माहिती काउंटरवरून घ्या, बिल झाल्यावर उपयोग नाही. खरेदी केलेलं सामान ६० दिवसांच्या आत तुमच्यासोबत देशाबाहेर जायला हवं. विमानतळावर बॅग चेक-इनला द्यायच्या आधी फॉर्म आणि वस्तू कस्टमच्या काउंटरला दाखवून शिक्का घ्या, मोठ्या रकमेला तो लागतोच, म्हणून या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा, प्लॅटिनमच्या कपड्यांच्या खाली दाबू नका. पैसे परत द्यायचा काउंटर इमिग्रेशनच्या पलीकडे असतो, फी कापून रक्कम हातात येते, आणि रात्रीच्या फ्लाइटच्या वेळी तिथे रांग मोठी असते, त्यामुळे मुंबईचं विमान असेल त्या दिवशी एरवीपेक्षा तासभर आधी हॉटेल सोडा.